बौशरची शाकारणी

मस्कतमध्ये ढग दिसला की लोक खूश होतात आणि मी उठून उभी राहते. साठी उलटली तरी ही खोड गेलेली नाही. आता मी अल् खुवैरला मुलाच्या फ्लॅटमध्ये असते. आमच्या डोक्यावर आणखी दोन बिऱ्हाडं आहेत. पावसाला माझ्यापर्यंत यायचं तर आधी त्यांना बुडवून यावं लागेल. हे सगळं मला कळतं. तरी डोंगरांच्या मागून काळं काही वर येताना दिसलं की मी चपला घालते, लिफ्टने गच्चीवर जाते, पन्हळींच्या तोंडाशी साचलेली वाळू पायाने बाजूला करते आणि कुणाची तरी उडून आलेली प्लास्टिकची पिशवी उचलून आणते. वॉचमन म्हणतो, "माताजी, आप क्यूँ आते हो, मैं करूँगा ना." तो करत नाही हे त्यालाही ठाऊक आहे आणि मलाही. सून म्हणते, आईंना स्वस्थ बसणं माहीतच नाही. बरोबर आहे तिचं. आमच्या माहेरी स्वस्थ बसणं कुणालाच जमलं नाही, आणि निदान एक वर्ष तरी त्याला कारण होतं ते मस्कतच्याच बौशर भागातल्या आमच्या घराचं छप्पर.

छप्पर म्हणजे कोकणातल्यासारखं उतरतं, कौलारू असं काही मनात आणू नका. इथली घरं सपाट. वर गच्ची, तिला कंबरेएवढा कठडा, आणि कठड्यातून बाहेर डोकावणाऱ्या दोन सिमेंटच्या पन्हळी, ज्यांना आमची घरमालकीण मर्झाम म्हणायची. वर्षातले कितीतरी महिने त्या पन्हळी नुसत्या कबुतरांना बसायला होत्या. घरमालकीण खाली राहायची, आम्ही वरच्या मजल्यावर, आणि आमच्या वर थेट ती गच्ची आणि मग सूर्य. तिचं नाव उम्म सालिम, म्हणजे सालिमची आई. आम्ही सगळे तिला मामा म्हणायचो. नवऱ्याच्या मागे मोठं कुटुंब एकटीने सांभाळलेली, कडक, थट्टेखोर बाई. तिची हिंदी तिने दुकानदारांकडून उचललेली, त्यामुळे ती आमच्याशीसुद्धा जरा घासाघीस केल्यासारखीच बोलायची. बाबांना ती 'मुहंदिस' म्हणायची, म्हणजे इंजिनियर. बाबा डिप्लोमावाले सुपरवायझर होते, पण तो शब्द ऐकला की ते शर्टाची कॉलर उगाच नीट करायचे.

बाबांचं कामच मुळी छपरं गळू न देण्याचं. रुसैलला कारखाने आणि गोदामं होती, त्यांच्या छपरांवर डांबराचे जाड पट्टे जाळाने तापवून चिकटवायचे, आणि बाबा त्या कामावर देखरेख करायचे. ते घरी आले की आधी डांबराचा वास यायचा आणि मागून बाबा. जेवताना हाच विषय. इथला स्लॅब दिवसा तापून फुगतो, रात्री आक्रसतो, रोज थोडा थोडा, आणि मग त्याला केसासारख्या चिरा जातात. पाऊस वर्षातून मोजके दिवस येतो म्हणून लोक चिरांकडे बघत नाहीत. आणि येतो तेव्हा सगळा एकदमच येतो. "पाणी वाईट नसतं," ते आमटीत चपाती बुडवत म्हणायचे, "साचलेलं पाणी वाईट. त्याला वाट दिली की ते निमूट जातं." धाकटा नंदू हे वाक्य त्यांच्याबरोबरच म्हणायचा, अगदी त्यांच्या सुरात, आणि आई म्हणायची, "जेवा आता. भातात डांबर नको."

आईला मस्कत आवडत नव्हतं. तिने ते कधी लपवलंही नाही. ती गुहागरच्या बाजूची. तिला घराभोवती चिखल, माणसं आणि भांडणं लागत. इथे शेजारीण म्हणून गप्पा मारायला मामा, आणि दोघींची भाषा वेगळी. उन्हाळ्यात टाकीचं पाणी इतकं तापायचं की थंड पाण्याचा नळ सोडला तर हात भाजायचा. मग आम्ही गीझर बंद ठेवून त्यातलं पाणी गार म्हणून वापरायचो, आणि आई दर वेळी त्या उलट्या कारभाराला शिव्या द्यायची. तिला इथलं एकच आवडायचं, ते म्हणजे ऊन. कुरडया अर्ध्या दिवसात खडखडीत वाळतात, म्हणून ती गच्चीवर जुन्या चादरी अंथरून कुरडया, सांडगे, मिरच्या, बोंबील असलं काय काय घालून यायची. बोंबलांचा वास खाली उतरला की मामा अंगणातून ओरडायची, "या उम्म सुजाता! समक मर गया, अब दफन करो!" सुजाता मी, आणि समक म्हणजे मासा. आई वरून हसायची आणि संध्याकाळी मामाकडे बशीभर तळलेल्या कुरडया पाठवायची. बशी खजूर भरून परत यायची. एसीची घरघर, टाकीत पाणी चढवणारी मोटर, मशिदीतली बांग आणि वरती चादरींवर उतरू बघणाऱ्या कबुतरांना हाकलणारी आई, हे माझ्या त्या वर्षांचे आवाज. ते आजही माझ्या कानात आहेत, आणि आईचा आवाज त्यात सगळ्यांत मोठा आहे.

आता मुद्द्याचं. त्या वर्षीच्या थंडीत एक पाऊस पडला, फार मोठा नाही. आतल्या खोलीत छताला ओल आली, बाबा म्हणाले, बघतो. पाऊस गेल्यावर ओल वाळली, पिवळा डाग राहिला, आणि बाबा विसरले नाहीत पण कामात राहिले. मग एका दुपारी नंदूला तहान लागली म्हणून तो पलंगावरून उठून स्वयंपाकघरात आला, आणि मागे धाडकन आवाज झाला. आम्ही जाऊन पाहिलं तर छताचा गिलावा उशीवर पडला होता. उशीला त्याच्या डोक्याचा खळगा अजून तसाच होता. आईने नंदूला कवटाळलं आणि बाबा येईपर्यंत सोडलं नाही, तो पाय झाडत होता तरी. बाबा दारात आल्याबरोबर ती म्हणाली, "दुनियेची छपरं बांधताय, स्वतःच्या पोराच्या डोक्यावरचं नाय दिसलं? ऐकून ठेवा. येत्या पावसात एक थेंब जरी आत आला, तर मी पोरांना घेऊन गावाला जात्ये. मग तुमचं ओमान तुम्हाला लखलाभ."

आई एकदा बोलली की ते बदलत नसे. हे आम्हाला तिघांनाही माहीत होतं, म्हणून त्या दिवसापासून माझं सगळं आयुष्य त्या स्लॅबला टांगलेलं राहिलं. गाव मला आवडायचं, पण सुट्टीत. मी चालायला शिकले ती मस्कतमध्ये. शाळेत आम्ही एकमेकींशी इंग्रजीतच बोलायचो. गावाला गेले की माझं मराठी अडखळायचं आणि चुलत बहिणी माझी नक्कल करून हसायच्या. तिथल्या शाळेत दहावी? पण खरी भीती ती नव्हती. आम्ही गेलो तर बाबा घर सोडणार आणि रुसैलच्या कंपनीच्या खोल्यांत राहायला जाणार, हे उघड होतं. त्या खोल्या मी पाहिल्या होत्या. एकावर एक पलंग, पलंगाला दोरीवर वाळत घातलेले बनियन, आणि भिंतीला चिकटवलेले पोरांचे फोटो. दोन वर्षांतून एकदा घरी जाणारी माणसं. बाबांचा फोटो-बिटो नाही, बाबाच मला हवे होते. हे मी कुणाला सांगितलं नाही. नुसती चिडचिड करत राहिले, आणि आई म्हणायची, पोरीला झालंय तरी काय.

बाबांनी मात्र मनावर घेतलं. मामाची परवानगी काढली. ती म्हणाली, "करो, करो, मुहंदिस. घर तुम्हारा भी." मग उन्हं वाढत असतानाच सुट्टीच्या प्रत्येक दिवशी पहाटे ते वर. जुनं सगळं खरवडून काढलं, चिरा भरल्या, नवा उतार दिला. उताराचं त्यांना वेडच होतं. गोट्या घेऊन नंदूला वर न्यायचे आणि गच्चीच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत गोटी ठेवायला सांगायचे. ती आपोआप पन्हळीकडे घरंगळत गेली पाहिजे. कुठे अडली की तिथलं पुन्हा उकरलं. मग डांबराचे पट्टे आणि कठड्याच्या भिंतीवरही वीतभर उंच चढवलेले, म्हणजे कोपऱ्यातून पाणी शिरायला नको. वर पांढरा रंग, ऊन परतवायला. त्या पांढऱ्या रंगावर आईने कुरडया घालायच्या नाहीत असं ठरलं, तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे तेवढं एक सुख होतं, तेही गेलं."

काम संपलं आणि परीक्षा आली. गच्चीच्या पन्हळींत चिंध्यांचे बोळे घट्ट बसवायचे, पाइपने सगळीकडे घोट्याएवढं पाणी सोडायचं, ते दोन दिवस तसंच ठेवायचं आणि खालून बघायचं. मोठमोठ्या गोदामांची बाबा अशीच परीक्षा घेत. पण गोदामात कुणी जेवत नाही, झोपत नाही. आमच्या घरात ते दोन दिवस सगळे माना वर करून वावरत होते. नंदू फरशीवर उताणा पडून पहारा करायचा आणि अधूनमधून "दिसला!" म्हणून ओरडायचा, की बाबा हातातलं टाकून धावत यायचे; तो माशीचा ठिपका असायचा. आई कुळथाची पिठी ढवळता ढवळता वर बघायची, आणि मी तिच्याकडे बघायचे, कारण मला छतापेक्षा तिचा चेहरा महत्त्वाचा होता. थेंब आला नाही. बाबांनी बोळे काढले, पाणी दोन्ही पन्हळींतून खाली मामाच्या लिंबाला गेलं, आणि बाबांनी त्या दिवशी हलव्याचा डबा आणला. आईने हलवा खाल्ला. म्हणाली, "हे नळाचं पाणी. खऱ्या पावसाचं बघू."

तेवढ्या एका वाक्याने बाबांची झोप उडाली असं मला वाटतं. नाहीतर पुढे जे झालं ते झालंच नसतं. काही आठवड्यांनी समुद्रात वादळ उठलं आणि ते किनाऱ्याकडे सरकतंय अशी बातमी आली. शाळांना सुट्टी मिळाली. दुकानांतून खुबूसच्या रोट्या आणि मेणबत्त्या संपल्या. आणि बाबांना कंपनीने सांगितलं, सगळ्या सुपरवायझरांनी रुसैलला हजर राहायचं, गोदामांची छपरं आधी. म्हणजे वादळ येणार तेव्हा आपल्या छपराशी बाबा नसणार. आदल्या दुपारी ते गच्चीवर जात, खाली येत, पुन्हा जात. चहा तसाच निवला. शेवटी ते बाहेर गेले आणि खांद्यावर एक भलीमोठी निळी ताडपत्री टाकून आले. मला म्हणाले, "चल गो, धर जरा. शाकारणी करूया."

कोकणात पावसाआधी घर शाकारतात, फुटकी कौलं बदलतात, आणि जिथे भरवसा नसेल तिथे वरून काहीतरी घालून दोरीने बांधून टाकतात. बाबांच्या लहानपणी त्यांचे वडील आढ्यावर बसत आणि बाबा शिडीवरून त्यांना कौलं देत. त्या दिवसांत त्यांच्या गावात प्रत्येक छपरावर एक माणूस बसलेला दिसायचा. आता उतरत्या छपरावर ताडपत्री घातली की पाणी तिच्यावरून घसरत वळचणीपलीकडे पडतं, ते ठीक आहे. सपाट गच्चीवर, चारी बाजूंनी कठडा असताना, ती ताडपत्री पाण्याला नेणार कुठे? गिऱ्हाइकांना हे बाबाच समजावून सांगायचे. मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण भीती वाटली की माणूस शिकलेलं विसरतो आणि बापाने केलेलं करतो. आम्ही ताडपत्री पसरली, कडांवर सिमेंटचे ठोकळे ठेवले, दोऱ्या टाकीच्या पायांना बांधल्या. बाबांनी प्रत्येक गाठ दोनदा ओढून पाहिली. त्या निळ्या कापडाखाली त्यांचा तो सुरेख उतार दिसेनासा झाला, आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदाच जरा सैल पडला. मलाही बरं वाटलं. दोन-दोन छपरं, आता कुठून येतोय थेंब, असं मला वाटलं.

मामा अंगणातून वर बघत होती. "मुहंदिस! ये क्या? घर को ठंडी लगता?"

"मामा, तूफान आता है. बहुत बारिश."

"आने दो! अल्हम्दुलिल्ला! बारिश को कोई चादर ओढाता है?" आणि ती पदराआड, म्हणजे तिच्या त्या फुलाफुलांच्या लेसोआड तोंड लपवून हसत सुटली. बाबाही हसले, पण ताडपत्री काढली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. जाताना आईला म्हणाले, "काळजी करू नको." आई म्हणाली, "मी कशाला करू? काळजी तुम्ही करा." दार लागलं. आधी वारा आला आणि त्याच्याबरोबर वाळू; खिडक्यांच्या फटींत आम्ही ओली फडकी कोंबली तरी दातांत कचकच होती. मग दुपारी पाऊस. असा पाऊस मी गावालाही पाहिला नव्हता, आडवा, मूठभर खडे मारावे तसा एसीच्या पत्र्यावर वाजणारा. खाली अंगणात मामाची नातवंडं आरडाओरडा करत भिजत होती, आणि मामा त्यांना आत बोलवायचं सोडून स्वतः दारात उभी राहून हात बाहेर काढत होती. त्यांच्याकडे पाऊस म्हणजे दया. त्याच्याबद्दल कुरकुर करायची नसते. आमच्याकडे आम्ही तिघं छताकडे बघत बसलो होतो. छत कोरडं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरून पन्हळीच्या पाण्याची जाड धार खाली जात होती. वर ताडपत्री फडफडत होती, कुणी गादी झोडपावी तशी. आईने भात टाकला, सुका जवळा परतायला घेतला, आणि मी मनात म्हणाले, झालं, वाचलो.

मग फडफड थांबली. पाऊस चालूच होता, फडफड तेवढी थांबली. मी खिडकीकडे पाहिलं तर समोरची धार बारीक होत होती, आणि बघता बघता ती गेलीच. एवढा पाऊस पडतोय आणि पन्हळ कोरडी? मला काही सुचेना. आईही बघत होती. तिच्या हातातला उलथना तसाच वर राहिला होता. थोड्या वेळाने आतून नंदू ओरडला, "आई, दिसला!" आणि या वेळी ती माशी नव्हती. भिंत आणि छत जिथे मिळतात तिथून पाणी उतरत होतं, आधी थेंब, मग ओघळ, आणि ते सरळ कपाटामागे जात होतं.

आईने गॅस बंद केला. हात पुसले. पलंगाखालून मोठी बॅग ओढून काढली, तिच्यावरची धूळ झटकली, आणि कपाट उघडून कपडे भरायला लागली. ओरडली असती, रडली असती, तर मला चाललं असतं. ती इस्त्रीच्या घड्या मोडू नयेत म्हणून जपून भरत होती. मी म्हणाले, "आई, थांब ना. बाबांना येऊ दे ना."

"बोलले होते मी."

"पण आई, please..."

"सुजाता, बाजूला हो."

नंदूने विचारलं, आपण गावाला चाललोय का, आणि तो त्याची बॅट शोधायला लागला. ते मला सहन झालं नाही. मी दार उघडून जिन्याकडे धावले. जिन्याच्या पायऱ्यांवरून पाणी खाली येत होतं, वरच्या दाराच्या उंबऱ्यावरून ओसंडून. मी दार ढकललं तर ते उघडेना, पलीकडून पाणी दाबत होतं. खांदा लावून कसंबसं उघडलं आणि माझे पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात गेले. गच्चीचं तळं झालं होतं. ताडपत्रीच्या दोऱ्या तुटल्या होत्या, ठोकळे पाण्याखाली गेले होते, आणि ती निळी घाण तरंगत तरंगत दोन्ही पन्हळींच्या तोंडाशी जाऊन बसली होती. पाणी तिला आत ओढत होतं आणि तीच पाण्याला अडवत होती. भिंतीला बाबांनी जिथपर्यंत डांबर चढवलं होतं त्याच्या वर पाणी गेलं होतं आणि मागून घरात उतरत होतं. मी ताडपत्री ओढली. ती हललीसुद्धा नाही. मी जिन्यात तोंड घालून जिवाच्या आकांताने ओरडले, "आई! छत नाही गळत! ताडपत्री अडकलीये! आई!"

मला वाटलं ती येणार नाही. ती आली. गाऊन कमरेला खोचलेला, अनवाणी, आणि हातात नारळ सोलायचा कोयता, गावाहून आणलेला. तिच्यामागून धापा टाकत मामा, कारण पाणी जिन्यावरून आता तिच्या बैठकीत शिरलं होतं. मामाने तळ्याकडे पाहिलं, ताडपत्रीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून म्हणाली, "या अल्ला, मुहंदिस!" मग मामा आणि मी ताडपत्रीची कड धरून मागे ओढत होतो आणि आई पन्हळीच्या तोंडाशी वाकून कोयत्याने सपासप कापत होती. एकदा तिचा पाय घसरला आणि ती पाण्यात बसली. मी किंचाळले, ती उठून पुन्हा कापायला लागली. तोंडाने ती बाबांचा उद्धार करत होती, तो इथे लिहिण्यासारखा नाही. शेवटी कापड फाटलं, निळा तुकडा आत गडप झाला, आणि पन्हळ घसा खाकरावा तसा आवाज करून वाहायला लागली. दुसरीकडेही तसंच केलं. खाली अंगणातून मामाच्या नातवंडांचा एकच गलका ऐकू आला, कारण सगळं त्यांच्या डोक्यावर पडत होतं.

पाणी उतरायला लागलं. गुडघ्यावरून पोटरीवर, पोटरीवरून घोट्यावर. आम्ही तिघी धापा टाकत कठड्याला टेकून बघत होतो. वरून पाऊस पडतच होता, पण तो आता पडल्या पडल्या निघून जात होता, सगळीकडून, सारख्या वेगाने, दोन पन्हळींकडे. आई चालत गच्चीच्या मधोमध गेली. मग एका कोपऱ्यात गेली, मग दुसऱ्या. कुठेही डबकं नव्हतं. ती पायाने पाणी चाचपत होती. बराच वेळ ती अशी फिरली. मला म्हणाली, "ह्यांनी उतार बघ कसा दिलाय गो. चमचाभर पाणी थांबत नाय." आणि मग तिला रडू आलं. पावसात कळलं नसतं, पण तिचे खांदे हलत होते. मामाने तिला जवळ घेतलं आणि तिच्या पाठीवर थोपटत राहिली, "खलास, उम्म सुजाता, खलास." मला त्या क्षणी बाबांचा इतका अभिमान वाटला आणि इतका रागही आला, की दोन्ही एकदम कसे वाटतात हे मला अजून सांगता येत नाही.

खाली आलो. ओघळ थांबला होता. आम्ही फरशी पुसली, भिंतीजवळचं कपाट ओढलं. आतले कपडे बरेचसे भिजले होते. बॅग दाराशी होती, चेन लावलेली. आईने ती उघडली नाही आणि हलवलीही नाही. मी सारखी तिच्याकडे बघत होते. विचारायचा धीर होत नव्हता. बाबांचा फोन आला तो मी उचलला. ते म्हणाले, वादीला, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्याला, पाणी आलंय, रस्ता बंद आहे, इन्शाल्ला उतरलं की निघतो. मग थांबून विचारलं, "घरात?" मी म्हणाले, "आलं पाणी." मी आणखी सांगणार होते, ताडपत्रीचं, उताराचं. पण त्याआधीच ते "बरं" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. नंदूने विचारलं, आपण जाणार की नाही ते सांगा, मी बॅट कुठे ठेवू? मी या खोलीतून त्या खोलीत जात होते. जवळा गार झाला होता, कुणाला भूक नव्हती.

अंधार पडायच्या आधी बाबा आले. शेवटचा टप्पा चालत आले होते. पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली, बूट हातात, चिखलाने माखलेले. मामाने त्यांना खालीच गाठलं असणार, कारण ताडपत्रीचं त्यांना कळलं होतं. त्यांची मान वर होईना. दारात पाऊल टाकलं आणि त्यांना बॅग दिसली. ते तिथेच थांबले. बूट खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नाही.

"उद्या ऑफिसात विचारतो तिकिटांचं," ते म्हणाले.

"कशाला?" आई म्हणाली.

"तू बोलली होतीस."

"छप्पर गळलं तर, असं बोलले होते. छप्पर कुठं गळलं? एवढं चांगलं केलंत आणि वर त्याच्या तोंडात बोळा कोंबलात. भरवसा नव्हता स्वतःच्या हातांवर?"

बाबांच्या अंगावरून पाणी ठिबकत होतं, त्याचं पायाशी थारोळं होत होतं.

"कपडे बदला आधी, ताप भरेल," आई म्हणाली. "कपाटातले सगळे भिजलेत. थांबा." ती खाली बसली, बॅगेची चेन उघडली आणि आमचे कपडे बाजूला सारून खालून बाबांची लुंगी आणि बनियन काढून त्यांच्यापुढे धरलं. मी वाकून पाहिलं. खाली बाबांचे शर्ट होते, ऑफिसची पँट होती, दाढीचं सामान होतं. माझे आणि नंदूचे कपडे त्याच्यावर रचलेले.

बाबांनीही पाहिलं. "माझे कपडे कशाला भरलेस?"

आईने आमच्याकडे न बघता चेन लावली. म्हणाली, "बोलायला बोलले होते मी. भरायला बसले तेव्हा हात आधी तुमच्याच कपड्यांकडे गेला."

बाबांनी ती लुंगी तोंडाला धरली आणि बराच वेळ काढली नाही.